हॉटेलात एसी आहे, मग शेजारच्या सिगारेटचा त्रास होत नाही का?

पुणे-नगर रस्त्यावर शिरूरजवळ किंवा पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात यवत, चौफुला, पाटस भागात तुम्ही जेवायला थांबलात. शेजारच्या टेबलावर सिगारेट पेटली. तक्रार केली तर उत्तर मिळू शकतं, "एसी चालू आहे, एक्झॉस्टपण लावलाय."

त्याने हवा साफ होते का? नाही. नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. त्याची जाळी धूळ अडवते. सिगारेटच्या धुरातले बहुतेक कण १ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, ते सहज पार होतात. पंखा तर धूर सगळ्या टेबलांना वाटून देतो. शेजाऱ्याच्या नाकात जाणारा बराचसा धूर ओढणाऱ्याच्या तोंडातून नाही, तर सिगारेटच्या जळत्या टोकातून येतो, म्हणजे फिल्टरमधून न जाताच. एक्झॉस्टने धूर कमी होतो, धोका संपत नाही. वातानुकूलन क्षेत्रातल्या अभियंत्यांची अमेरिकी संस्था 'अ‍ॅश्रे' हेच सांगते.

आपण तासाभरात उठून जातो. वेटर आणि गल्ल्यावरचा माणूस तीच हवा दिवसभर घेतो. खरा प्रश्न त्यांचा आहे.

कायदा काय म्हणतो? मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दवाखाने, शाळा, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. दौंडला थांबणाऱ्या गाड्या त्यात आल्या, स्टेशनबाहेरची हॉटेलं नाही. ती आली २००३ च्या 'कोटपा' कायद्यात. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत बार, पब, कँटीनही आहेत. दंड २०० रुपयांपर्यंत. आजच्या बिलांपुढे किरकोळच!

एक पळवाट आहे. ३० किंवा जास्त लोकांची बसायची सोय असेल तर वेगळी स्मोकिंग रूम ठेवता येते. पण तिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप बंद होणारं दार हवं आणि धूर थेट इमारतीबाहेर गेला पाहिजे. ती दारातच असूनही चालत नाही. त्यामुळे कोपऱ्यातलं 'स्मोकिंग टेबल' किंवा अर्धवट पार्टिशन नियमात बसत नाही.

तक्रार कुणाकडे करायची, त्याचं नाव हॉटेलात ठळक लावलेलं असलं पाहिजे. तक्रार करूनही मालकाने काही केलं नाही, तर जितके जण ओढत होते तितके दंड त्याच्यावर लागू शकतात. टेबलावर अ‍ॅशट्रे किंवा काडेपेटी देणं हाही नियमभंगच.