साष्टीच्या कातळावरची गौर

फ्लॉक्सच्या कुळातली लिनॅन्थस, जिलिया ही इवली रोपं अमेरिकेच्या वाळवंटात बीरूपाने पावसाची वाट बघत पडून असतात. पाऊस झाला की उगवायचं, फुलायचं, बी टाकून मोकळं व्हायचं. मुंबईच्या उपनगरांत वाळवंट नसलं, तरी कान्हेरीचा कातळ मे महिन्यात पाय भाजून काढतो. तिथे हाच संसार तेरडा करतो. वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही कुळं एरिकेलीज या एकाच गणात घालतात, म्हणजे लांबची भाऊबंदकी आहेच.

तेरड्याचा दांडा रसरशीत, पेरांशी लालसर. फूल गुलाबी, मागे बारीक शेपटी. पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लागलं की ते फटकन फुटतं आणि बी दूर उडतं. पुढच्या जूनची सोय झाली!

या रानफुलाला देव्हाऱ्यात मान मिळाला तो भाद्रपदात. कोकणातल्या आणि साष्टीतल्या कितीतरी घरांत गौर म्हणजे तेरडाच. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठावर पुजली जाते, मूळ नक्षत्रावर निरोप घेते. रोपं मुळासकट उपटून आणायची, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. जुडी बांधायची, मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून लोक नाकं मुरडतात. गौरीचा मुक्काम तरी कुठे जास्त असतो?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही गावं होती तेव्हा तेरडा परसामागेच मिळे. 1920 साली मुंबई उपनगर जिल्हा झाला. महापालिकेची हद्द 1950 मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि परसातली गौर बाजारात विकत घ्यायची वस्तू झाली.

रान जे उरलं, त्याचं बरंचसं श्रेय नळाच्या पाण्याला द्यावं लागेल. शहराची तहान भागवायला विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी 1879 मध्ये पुरा झाला. त्यांचं पाणलोट क्षेत्र राखलं गेलं आणि तेच पुढे राष्ट्रीय उद्यानात आलं. तिथून रोप उपटायला आता कायद्याने मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या घरी तेरड्याची गौर बसते, त्यांनी जूनच्या पहिल्या पावसात गॅलरीतल्या कुंडीत बी टाकून ठेवावं. भाद्रपदापर्यंत रोप फुलावर येतं.