घराच्या बदल्यात घर

सुट्टीसाठी घरांची अदलाबदल हा सरळ व्यवहार आहे. तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या घरी राहतो. भाडं कोणीच देत नाही. हल्ली 'पर्यावरणपूरक पर्यटन' या नावाखाली ही कल्पना नव्याने चर्चेत आहे. तिचा उगम मात्र शिक्षकांच्या पगारात आहे.

१९५३ साली युरोपातल्या काही शिक्षकांनी 'इंटरव्हॅक' सुरू केलं. त्याच वर्षी अमेरिकेत 'व्हेकेशन एक्स्चेंज क्लब' निघाला. आजचं 'होमलिंक' त्यातूनच आलं. शिक्षकांकडे उन्हाळ्याची लांब सुट्टी असायची, हॉटेलपुरते पैसे नसायचे आणि पाठीमागे घर रिकामं पडायचं. सभासदांच्या घरांची छापील यादी निघायची आणि पुढचं सगळं पत्रांतून ठरायचं. दोन अनोळखी कुटुंबं एकमेकांच्या घरात पाऊल टाकायच्या आधी एकमेकांना बरीच ओळखू लागलेली असणार.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे मला या इतिहासात जुळणीचा प्रश्न जास्त ओढतो. पुण्यातल्या माणसाला लिस्बनला जायचंय, पण लिस्बनच्या माणसाला हवंय क्योतो. जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८७५ साली वस्तुविनिमयाची हीच अडचण मांडली होती: दोघांना एकमेकांचीच वस्तू हवी असणं हा दुर्मीळ योगायोग असतो.

१९७४ साली लॉइड शेपली आणि हर्बर्ट स्कार्फ या दोघांनी यावर एक शोधनिबंध लिहिला, आणि त्यातलं उदाहरण नेमकं घरांचंच होतं. प्रत्येकाकडे एक घर आहे. प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात जास्त आवडलेल्या घराच्या मालकाकडे बोट दाखवायचं. माणसं मोजकी असल्यामुळे कुठेतरी वर्तुळ पूर्ण होतंच. त्या वर्तुळातल्यांनी घरं बदलून बाहेर पडायचं, उरलेल्यांनी पुन्हा बोट दाखवायचं. या युक्तीचं श्रेय लेखकांनी डेव्हिड गेल यांना दिलं आहे. पुढे ॲल्विन रॉथ आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडांच्या अदलाबदलीसाठी याच विचाराचा आधार घेतला. शेपली आणि रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सुट्टीच्या घरांना मात्र ही युक्ती मानवत नाही. वर्तुळातल्या सगळ्यांच्या तारखा जुळायला हव्यात, आणि एकाच्याही मुलाला ताप आला की सगळ्यांची सहल बोंबलते. २०११ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या 'गेस्टटूगेस्ट'ने सोपी वाट काढली, ती गुणांची. पाहुण्याला घर द्या, गुण मिळवा आणि ते सवडीने तिसऱ्याच कुणाच्या घरी वापरा. कॅलिफोर्नियात १९९२ पासून चालत आलेलं 'होमएक्स्चेंज' २०१७ मध्ये याच कंपनीने विकत घेतलं. पैसा टाळायला निघालेली मंडळी फिरून चलनापाशीच आली.

म्हणून यात आणि भाड्याच्या घरात काहीच फरक उरला नाही, असं मला वाटत नाही. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठीच घर ठेवलं की ते शहरातल्या माणसाच्या हातून जातं. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये पर्यटकांच्या दहा हजारांवर सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवण्याची घोषणा केली, ती याच कारणाने. अदलाबदलीतलं घर राहतं घर असतं. मालक परत येतो आणि आपल्याच पलंगावर झोपतो. नवी खोली बांधावी लागत नाही. विमानाचा धूर मात्र तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर रेल्वेने पोचता येईल असं घर शोधायला हवं.

मला खरी बोचते ती दुसरीच गोष्ट. या खेळात उतरायला आधी घर लागतं. पुण्यातला माझा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर आहे, आणि तो दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नये असं त्या करारात स्वच्छ लिहिलंय. साताऱ्याचं घर आई-बाबांचं. आईला ही कल्पना सांगितली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "देवघरात दिवा कोण लावणार?" प्रश्न मागासलेला नव्हता. घरात कोणीतरी राहणं आणि घर चालू राहणं यातला फरक ती विचारत होती. १९५३ च्या त्या शिक्षकांना तो पत्रांतून सोडवता येत असे. झाडांना पाणी कधी घालायचं, मांजर कुठे झोपतं, शेजारी कसे आहेत, हे सगळं लिहिता येत असे. गुणांमुळे घर मिळणं सोपं झालं, ही मोठीच सोय आहे. पण हे लिहून कळवायचं काम गुण करत नाहीत. ते अजूनही आपल्यालाच करावं लागतं.