उधारी गोल फिरते तेव्हा: व्योर्गल ते झुरिक

आज आपण १९३२ सालच्या ऑस्ट्रियात जाऊ या. टिरोल प्रांतातलं व्योर्गल हे गाव. वस्ती चार-साडेचार हजारांची. जागतिक मंदी ऐन भरात, कारखाने बंद पडलेले, पालिकेचे कर थकलेले. आता गंमत बघा. सुताराचे हात शाबूत होते, लोकांची छपरं गळत होती, तरी काम होत नव्हतं. कारण मधला पैसाच गायब! ज्याच्याकडे होता तो दडवून बसला होता.

तिथले नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबेर्गर. मूळचे रेल्वे कामगार, आणि सिल्व्हिओ गेझेल या अर्थविचारकाचे वाचक. गेझेलचं म्हणणं असं, की धान्य सडतं, लोखंड गंजतं, मग पैसाच तेवढा का टिकावा? जुलै १९३२ मध्ये पालिकेने स्वतःच्या नोटा काढल्या, त्यामागे तेवढे शिलिंग बँकेत ठेवले आणि रस्त्याच्या, पुलाच्या कामाची मजुरी त्यातून द्यायला सुरुवात केली. दर महिन्याला नोटेवर तिच्या किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट चिकटवायचं, नाहीतर नोट पुरती चालायची नाही. मग कोण कशाला साठवेल? नोट हातात आली की दुकानात जायची, दुकानदाराकडून करात. थकबाकी तर भरली गेलीच, काहींनी पुढचे करही आगाऊ भरले! पण नोटा काढायचा हक्क फक्त आमचा, असं म्हणत ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर १९३३ मध्ये हे सगळं बंद पाडलं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. मला मात्र शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये पुढे जे झालं ते जास्त मोलाचं वाटतं. ते कमी रंगतदार आहे, म्हणून मागे पडलं.

१९३४ मध्ये झुरिकला वेर्नर झिमरमन, पाउल एंझ आणि आणखी १४ जणांनी एक सहकारी मंडळ काढलं. नाव ‘वीर’. आपल्या कानाला वीर म्हणजे शूर; जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘आम्ही’. हे लोकही गेझेलचेच चाहते, पण त्यांनी नोटांपेक्षा वहीवर भर दिला. समजा, बेकरीवाल्याला भट्टी दुरुस्त करायची आहे. वीर त्याच्या तारणावर कर्ज मंजूर करते: गवंड्याच्या खात्यावर जमा, बेकरीवाल्याच्या नावे. गवंडी ती रक्कम रंगाऱ्याकडे खर्चतो, रंगारी हॉटेलवाल्याकडे, हॉटेलवाला पावासाठी बेकरीत. बेकरीवाल्याचं कर्ज पाव विकून फिटलं! कर्ज घेताना कुणाची आधीची ठेव लागली नाही.

आपल्याकडे भिशी आहे, पण तिच्यात आधी रोकड टाकावी लागते. किराणा दुकानातली उधारी आहे, पण ती एकाच दिशेला जाते, गिऱ्हाइकाकडून दुकानदाराकडे येते ती फक्त ‘पुढच्या महिन्यात देतो’! वीरने हीच उधारी गोल फिरवली. पुढे गेझेलचा सिद्धांतही सोडला, १९५२ मध्ये. तत्त्व गेलं, वही राहिली. आणि दार उघडं होतं ते छोट्या-मध्यम धंद्यांना. बड्या साखळी दुकानांना नाही.

अडचणी आल्याच. एक वीर म्हणजे एक फ्रँक, पण त्याचे फ्रँक करून मिळत नाहीत. नोकरांचा पगार, सरकारी कर, परदेशी कॉफी यांना मात्र फ्रँकच लागतात. म्हणून सभासद बिलाचा काही भागच वीरमध्ये घेत. ज्याच्याकडे वीर साचले तो ते कमी भावात रोखीवर विकू लागला आणि १९७३ मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. दोष माणसांचा कमी, वर्तुळाचा जास्त. शंभर हॉटेलं आहेत आणि नळाची कामं करणारा एकही नाही, तर ते फिरणार कसं? दुकानदारांच्या संघटना नुसत्या दुकानदारांच्या असतात तिथे हीच गोची होते. माल पुरवणारा आणि दुरुस्ती करणारा बाहेरच राहतो.

जेम्स स्टॉडर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने वीरची अनेक दशकांची आकडेवारी तपासली. मंदी आली की वीरची उलाढाल वाढते, तेजीत उतरते, असं त्याला दिसलं. साहजिक आहे. रोख कर्ज आखडतं तेव्हाच माणसाला शेजाऱ्याची वही आठवते.

वीर आजही आहे, बँक म्हणून. मधल्या काळात सभासद हजारोंच्या घरात गेले, अलीकडे वीरमधली उलाढाल मात्र बरीच उतरली. माझ्या मते त्याचं एक कारण साधं आहे: फ्रँकचंच कर्ज स्वस्त झालं, तेव्हा वर्तुळात राहण्याची कटकट कशाला, असं धंदेवाल्यांना वाटू लागलं.