रोपिंगचा घोडा घेताना

समजा, टेक्सासमध्ये राहणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला रोपिंगचा घोडा घ्यायचाय, म्हणजे पळत्या वासरावर फास टाकायला लागतो तो. जवळपासचाच विक्रेता म्हणतो, "एकदम शांत आहे." विश्वास ठेवायचा का?

थोडं मागे जाऊ. १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोत घोडे घेऊन उतरला. पुढे स्पॅनिश मिशनांची गुरं राखायला घोड्यावर बसले ते बरेचदा तिथले मूळ रहिवासीच. हेच सुरुवातीचे 'वाकेरो'. 'लॅरिएट' हा शब्द 'ला रेआता'वरून आला, आणि खोगिराच्या मुठीला दोर गुंडाळणं, म्हणजे 'डॅली', हे 'दार ला वुएल्ता'वरून. काउबॉयची भाषाच उसनी आहे. सिनेमात मात्र ते श्रेय क्वचित दिसतं.

या कामासाठी नावाजलेल्या क्वार्टर हॉर्सची नोंदणी करणारी संस्था १९४० मध्ये फोर्ट वर्थला स्थापन झाली. पण नोंदणीचा कागद घोड्याचा वंश सांगतो, त्याचे पाय दुखतात का ते सांगत नाही.

फसवणूकही जुनीच. पूर्वी काही व्यापारी दात कोरून म्हातारा घोडा तरुण म्हणून खपवत. आज वेदनाशामक देऊन लंगडणं झाकता येतं. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण विकतच्या घोड्याचे मोजायचेच. आधी विक्रेत्यालाच फास टाकून दाखवायला सांगा. फास बसताच घोडा थांबून दोर ताणून धरतो का, ते बघा. मग स्वतः निवडलेल्या पशुवैद्याकडून पाय आणि रक्त तपासून घ्या. विक्रेता जवळचा असण्याचा खरा फायदा हाच, की घोडा दुसऱ्यांदा जाऊन बघता येतो.