मुलावर अत्याचाराचा संशय आल्यास आधी दवाखाना गाठा

पाटण : लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला की घरातले आधी भावकीत विचारतात. मोरणा, ढेबेवाडी खोऱ्यातल्या वाड्यांवरून पाटणला यायलाच वेळ लागतो. त्यात पुरावा जातो.

'पोक्सो' कायदा २०१२ च्या कलम २७ नुसार गुन्हा नोंद झाला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत थांबतं. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाला उपचार मोफत द्यावे लागतात. त्यासाठी पोलिसांचं पत्र मागता येत नाही.

अंगावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. तोवर मुलाला आंघोळ घालू नये. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत.

जखम दिसली नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं नव्हे. बऱ्याच मुलांच्या अंगावर खूण सापडत नाही. अशा वेळी मुलाचा जबाबच महत्त्वाचा ठरतो. त्याला घरात पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये.

प्रकरण गावात मिटवता येत नाही. पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. मदतीसाठी चाइल्डलाइन : १०९८.