दाताच्या मुळाची लांबी: तारेपासून विद्युतयंत्रापर्यंत

रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातली नलिका टोकापर्यंत साफ करून भरावी लागते. भरण अपुरे राहिले तर संसर्ग मागे उरतो आणि टोकाबाहेर गेले तर भोवतालच्या ऊतींना इजा होते. पूर्वी ही लांबी बोटांच्या अंदाजाने आणि रुग्णाच्या वेदनेवरून ठरे. १८९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी नलिकेत शिशाची तार ठेवून एक्स-रे काढला, तेव्हा मोजमापाला पहिला आधार मिळाला.

मात्र एक्स-रेत मुळाचे टोक दिसते, नलिकेचे तोंड नव्हे. ते बहुधा टोकाच्या बाजूला उघडते आणि त्याच्या अलीकडे नलिका सर्वांत अरुंद असते. तोंड आणि ही अरुंद जागा यांमधले अंतर तरुणांत सरासरी ०.५२ मिमी, तर वयस्कांत ०.६६ मिमी भरते, असे युरी कुटलर यांनी १९५५ मध्ये दाखवले.

विजेने लांबी मोजण्याची कल्पना १९१८ मध्ये कस्टर यांनी मांडली. जपानमध्ये सुझुकी यांना १९४२ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की मुळाभोवतीचा पडदा आणि तोंडातली श्लेष्मल त्वचा यांच्यामधला विद्युतरोध जवळपास स्थिर असतो. सुनादा यांनी १९६२ मध्ये माणसांत हा रोध सुमारे ६.५ किलो-ओहम असल्याचे नोंदवले. नलिका साफ करण्याचे बारीक अवजार, म्हणजे फाइल, त्या पडद्याला टेकली की यंत्रावर हा आकडा येई. पण नलिकेत रक्त, पू किंवा नलिका धुण्याचे हायपोक्लोराइट असले, की वीज त्यातूनच वाहे आणि टोक आल्याचा इशारा आधीच मिळे.

हा दोष एकाच रोधावर विसंबल्याने येत होता. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या ‘रूट झेडएक्स’ या यंत्राने ०.४ आणि ८ किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारितांवरचा प्रतिबाध (बदलत्या विजेला होणारा एकूण विरोध) मोजून त्यांचे गुणोत्तर काढले. द्रवाचा परिणाम दोन्ही मोजमापांवर होत असल्याने गुणोत्तर फारसे बिघडत नाही. १९९६ मध्ये शबाहंग व सहकाऱ्यांनी या यंत्राने २६ नलिका तपासल्या. त्यांतली ९६.२ टक्के मोजमापे नलिकेच्या तोंडापासून ±०.५ मिमीच्या आत निघाली.

आज वसई-विरारच्या दवाखान्यांतही ओठाला हुक आणि फाइलला क्लिप लावून अशी मोजणी होते. यंत्राच्या स्क्रीनवरची ‘०.५’ची खूण म्हणजे अर्धा मिलिमीटर नव्हे. ती फक्त टोकाशी असलेली जवळीक दाखवते. धातूच्या भरणाला फाइल टेकली किंवा मुळाचे टोक रुंद उघडे असले, तर मोजमाप चुकते. म्हणूनच एक्स-रेने पडताळणी केली जाते.