वस्तीला विचारण्याचा इतिहास

1896 साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि दाट वस्त्यांची सुधारणा हे सरकारचे काम मानले जाऊ लागले. 1898च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, कामगारांसाठी चाळी उभारल्या. पण जुनी घरे आधी पडत आणि नवी मागाहून उभी राहत. मधल्या काळात बेघर कुटुंबे शेजारच्या गल्ल्यांत आसरा घेत आणि तिथली दाटी वाढे. रहिवाशाच्या वाट्याला यायची ती फक्त नोटीस.

याच काळात वेगळी वाट दाखवणाऱ्या एका माणसाकडे आपण वळू. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस 1914मध्ये भारतात आले. गल्लीबोळ पायी हिंडून, विहिरी, झाडे आणि चौक राखून, अगदी मोडकळीला आलेली मोजकीच घरे काढावीत, असा त्यांचा आग्रह होता. होळकरांच्या इंदुरात प्लेगची भीती होती. तिथे त्यांनी दिवाळीला मिरवणूक योजली आणि जे रस्ते अधिक स्वच्छ असतील त्यांवरून ती जाईल, असे जाहीर केले. प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा मिरवणुकीत होती. लोकांनी आपापली आळी झाडून काढली. 1918मध्ये त्यांनी इंदूर दरबाराला अहवाल दिला. पुढच्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. सरकारी कारभाराने मात्र त्यांची रीत फारशी उचलली नाही.

स्वातंत्र्यानंतर भाषा हळूहळू बदलली. 1969च्या कायद्याने मुंबईच्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्ती होऊ लागली. 1971च्या झोपडपट्टी कायद्याने पाडण्याबरोबर सुधारण्यालाही जागा दिली. 1993मध्ये 74वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मोठ्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. खरे वळण पुढे पुण्यात दिसते. 1999च्या सुमारास महापालिकेने वस्त्यांतील शौचालये बांधण्याचे काम संस्थांकडे दिले, त्यांत महिला मिलन या संघटनेच्या बचत करणाऱ्या बायकाही होत्या. मुलांसाठी वेगळी सोय हवी, राखणदाराचे कुटुंब तिथेच राहावे, हे रोज रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना ठाऊक होते. ते आराखड्यात उतरले.

मुंबईत 1995पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत रहिवाशांची संमती ही अट झाली: आधी 70 टक्के, पुढे 51. नोटिशीपासून संमतीपर्यंत यायला शतक लागले, ही मोठीच मजल आहे. तरीही संमतिपत्रावरची सही आराखडा तयार झाल्यावर मागितली जाते. पुण्यातल्या बायकांना आराखडा काढतानाच विचारले गेले होते. पुढचा टप्पा तोच असला पाहिजे: आधी वस्तीला विचारावे, मग नकाशा काढावा.